ई.टी.च्या माथी फोडलेलं खापर

'पाच आठवड्यांत बनवलेल्या एका टुकार गेमने १९८३ मध्ये जगातला व्हिडिओ गेमचा धंदा बुडवला. लाजेपोटी अटारी कंपनीने त्याच्या लाखो कॅसेटी गुपचूप वाळवंटात गाडल्या. पुढची दोन वर्षं जगात गेमच नव्हते, मग निन्टेन्डोने ते परत आणले.' या आशयाची रील सध्या नागपुरातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरून राहिली आहे. आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर तर तिघांनी टाकली, आणि तिघेही आयटीत आहेत! पाच आठवडे खरे, वाळवंटही खरं. बाकीच्याचं काय ते बघू.

गेम होता 'ई.टी.', त्याच नावाच्या सिनेमावरचा. हक्कांचा सौदा १९८२ च्या जुलैअखेर ठरला आणि नाताळात माल दुकानात हवा, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरच्या हाती उरले जेमतेम पाच आठवडे. एरवी अशा गेमला सहा-सात महिने लागत. टीव्हीला जोडून ज्यावर हा गेम चालायचा, त्या अटारी २६०० यंत्राची मेमरी किती, तर १२८ बाइट. एवढ्यात त्याने चालणारा गेम दिला. खेळणारा सारखा खड्ड्यात पडतो ही तक्रार मात्र रास्तच आहे. रील वॉरशॉला बिनडोक ठरवते. याच माणसाने आधी 'यार्स रिव्हेंज' लिहिला होता, आणि तो अटारीच्या उत्तम गेममध्ये गणला जातो. पाच आठवड्यांची मुदत त्याने ठरवली नव्हती, किती कॅसेटी छापायच्या हेही त्याला कोणी विचारलं नव्हतं.

'कोणी विकतच घेतला नाही' हा रीलचा दावाही खोटा. सुमारे १५ लाख प्रती खपल्या. घात झाला तो छपाईत, कारण छापल्या होत्या ४० लाखांच्या आसपास. अटारीची ही खोड जुनी होती. त्याच वर्षी आलेल्या 'पॅकमॅन'च्या त्यांनी १ कोटी २० लाख कॅसेटी काढल्या, तेव्हा लोकांच्या घरी यंत्रंच कोटीभर होती. त्याआधी, १९८१ च्या ऑक्टोबरात, अटारीने वितरकांना पुढच्या अख्ख्या वर्षाची ऑर्डर एकदम द्यायला लावली होती. मागितलेला माल पूर्ण कधी मिळत नाही हा त्यांचा अनुभव, म्हणून त्यांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त मागितला. या खेपेला तो सगळा आला. विकला गेला नाही तो माल परत.

आता तारखा बघा. अटारीची मालक वॉर्नर. ७ डिसेंबर १९८२ रोजी वॉर्नरने जाहीर केलं की नफ्यातली वाढ ५० टक्के अपेक्षित होती, ती १०-१५ टक्क्यांवर येईल. दुसऱ्या दिवसापर्यंत शेअर सुमारे एक तृतीयांश कोसळला होता. त्या वेळी 'ई.टी.' जेमतेम दुकानात पोचत होता, त्याचं परतीचं ओझं पुढच्या वर्षी आलं. घोषणेच्या काही मिनिटं आधी अटारीच्या प्रमुखाने, रे कासारने, आपले पाच हजार शेअर विकले होते, त्यावरून चौकशीही झाली. असला मसाला रीलमध्ये कसा नाही, याचंच नवल वाटतं.

मुळात दुकानं आधीच तुडुंब होती. अटारी सोडून गेलेल्या प्रोग्रामरांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन काढली, अटारीने खटला भरला, पण तडजोडीनंतर कोणालाही या यंत्रासाठी गेम काढायची वाट मोकळी झाली. मग ओट्स विकणाऱ्या क्वेकरनेही गेमचा विभाग थाटला. यातल्या कित्येक कंपन्या वर्षभरात बसल्या आणि ३०-३५ डॉलरच्या कॅसेटी ५ डॉलरच्या टोपल्यांत आल्या. कळमना मंडीत संत्र्याची आवक अशी फुटली की कोणाच्याच पेटीला भाव मिळत नाही. तिथे कोणी एका पेटीला दोष देत नाही. त्यात कमोडोर ६४ सारखे घरगुती कॉम्प्युटर झपाट्याने स्वस्त होत होते. नुसता व्हिडिओ गेम कशाला घेता, अशी जाहिरातच कमोडोर करत होती. १९८३ मध्ये अटारीला ५३ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. एका गेमने एवढा खड्डा पडत नाही.

वाळवंटाचं थोडक्यात. सप्टेंबर १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत माल पुरला, ही बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आली होती. त्यात गुपित कसलं? २०१४ मध्ये खोदकाम झालं तेव्हा 'ई.टी.' निघाला, आणि त्यासोबत 'सेंटिपीड', 'मिसाइल कमांड' वगैरे बऱ्यापैकी खपलेले गेमही. बाहेर काढलेल्या सुमारे १,३०० कॅसेटींत 'ई.टी.' दहा टक्क्यांच्या आसपासच होता. गोदाम रिकामं केलं, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटचा दावा सगळ्यात पोकळ आहे. बाजार कोसळला तो उत्तर अमेरिकेतला. ब्रिटनमधली पोरं तेव्हा झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर खेळत होती, आणि जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी, म्हणजे अमेरिकेतल्या पडझडीच्या ऐन मध्यात, बाजारात आला. १९८५ मध्ये तेच यंत्र नव्या रूपात अमेरिकेत उतरवताना निन्टेन्डोने त्यात परवानगीशिवायची कॅसेट चालू न देणारी चिप बसवली आणि बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला पाचच गेमची मर्यादा घातली. म्हणजे धंदा कशाने बसला याचं त्यांचं निदान बेसुमार आवक हेच होतं. जपानी फॅमिकॉमला मात्र ती चिप नव्हती. नव्वदच्या दशकात बुर्डीच्या दुकानांत गेमची जी यंत्रं मिळायची त्या याच फॅमिकॉमच्या नकला, म्हणून त्यांत कोणतीही कॅसेट फुंकर मारून खुपसली की चालायची, '९९९९ इन १' सुद्धा. तिच्यात खरे गेम किती निघायचे, हे ज्याने पैसे मोजले त्यालाच विचारा.