साठ वॅट फक्त

काकांच्या साठीला मी गच्चीवर सव्वा तास गिटार वाजवली. पंगत बसल्यावर काकांनीच विचारलं, "वाजवत होतास व्हय रे? मला वाटलं नुसताच मांडीवर घेऊन बसलायस."

दोष काकांच्या कानांचा नव्हता. माझ्या उजव्या हाताला आचारी भज्यांचा घाणा काढत होता. तापल्या तेलात कांदाभजी पडली की जो चर्र आवाज होतो, त्याच्यापुढे माझ्या सहा तारा सपशेल आडव्या झाल्या होत्या. भज्यांकडून हरणं मला फार लागलं. त्या रात्रीच ठरवलं, अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा. लहानसा, एकट्याला उचलता येईल असा, एक गिटार आणि एक माणूस यांना पुरेल एवढा. मी दिवसा बँकेत कॅशियर आहे आणि संध्याकाळी वाढदिवस, डोहाळजेवण, गच्चीवरचे कॅफे अशा ठिकाणी, जिथं वीस ते पन्नास माणसं खाण्यात गुंतलेली असतात, तिथं गाऊन त्यांना त्रास देतो. गरज एवढीच. दोन दिवसांचं काम. त्याला चार महिने लागले.

दुसऱ्या गावात लागले नसते. पण कोल्हापुरात आवाजाचं एकक डॉल्बी आहे. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन माणसानं १९६५ साली कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. त्याच्याच नावानं आमच्याकडे मिरवणुकीत ट्रकभर स्पीकरची भिंत निघते आणि महाद्वार रोडवरची तावदानं थरथरतात. त्या बिचाऱ्याला हे कुणी कळवलं होतं की नाही कोण जाणे. माझा मेव्हणा अशाच एका मंडळाचा कार्यकर्ता. घरात कुठलीही खरेदी त्याला विचारल्याशिवाय होत नाही, आणि विचारल्यावर तर मुळीच होत नाही.

"किती वॅटचा बघताय, दाजी?"

"साठ."

"साठ हजार?"

"साठ वॅट."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "दाजी, साठ वॅटचा आमच्या गोठ्यात बल्ब हाय."

मी त्याला डेसिबलचं गणित समजावून सांगितलं. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, तीनच डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट जवळजवळ दहापट लागतात. तेव्हा साठ काय आणि एकशेवीस काय, कॅफेत बसलेल्याला फारसं कळणारही नाही. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाला, "मग सहाशेचाच घ्या की."

गणितात चूक काढता येईना.

आण्णांचा विरोध उलट्या बाजूनं होता. आमचे वडील म्हणजे मुळातच माइकच्या विरुद्ध. "अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायले, माइक होता का? केशवराव भोसले नाटकात उभे राहिले की शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्दन् शब्द ऐकू जायचा." आण्णा हे असं सांगतात की ते स्वतः त्या शेवटच्या रांगेत बसलेले होते असं वाटावं. केशवराव १९२१ साली गेले आणि आण्णा जन्मले १९४८ साली, पण ऐन रंगात आलेल्या माणसाला सनावळी सांगू नये. मी एवढंच म्हणालो, "आण्णा, ते खाँसाहेब होते. मी कॅशियर आहे."

"तेच म्हणतोय मी," आण्णा म्हणाले.

मग दुकानं सुरू झाली. पहिल्या दुकानातल्या पोरानं मोठ्या उत्साहानं इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प पुढं केला. मी म्हटलं, माझी अकूस्टिक आहे. तो म्हणाला, "सर, अ‍ॅम्प तो अ‍ॅम्प. वायर घातली की झालं." घातली. माझी गिटार गोधडीत गुंडाळून कुणीतरी माळ्यावर टाकावी तशी बोलायला लागली. इलेक्ट्रिकच्या अ‍ॅम्पला वरचे बारीक सूर काढणारा ट्विटर बहुधा नसतोच, कारण त्या गिटारला तो लागत नाही. तिचा निम्मा आवाज अ‍ॅम्पच घडवतो. अकूस्टिकवाल्याला मात्र अ‍ॅम्पनं स्वतःची अक्कल न वापरता, आहे ते तसंच मोठं करून सांगावं असं वाटत असतं. आमच्या शाखेतल्या शिपायाकडूनही माझी हीच अपेक्षा असते आणि तिथंही ती पुरी होत नाही.

दुसऱ्या दुकानात खरा अकूस्टिकचा अ‍ॅम्प निघाला. दुकानदार सज्जन, चहा मागवला. मी स्टुलावर बसलो, अ‍ॅम्प समोर, बटण सहावर. माझ्या गिटारच्या घोडीवरच्या हाडाखाली पिझोची एक पट्टी आहे. तारेचा दाब पडला की ती जरा वीज सोडते. आता ही गिटार म्हणजे शेवटी पोकळ पेटी. अ‍ॅम्पचा आवाज तिच्यात शिरतो, पेटी हादरते, पट्टी ते हादरणं पकडते आणि पुन्हा अ‍ॅम्पकडे पाठवते, अ‍ॅम्प ते आणखी मोठं करून पुन्हा पेटीत सोडतो. शंभर हर्ट्झच्या आसपास तर पेटी आपण होऊनच घुमायला टेकलेली असते. हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं. मी तारांवरून हात काढला, आणि हात काढल्यावर आवाज थांबायचा तो वाढतच गेला. गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारेची वेळ टळल्यावर म्हैस हंबरावी तसा. काउंटरवरचा चहाचा कप आपल्या पायांनी काठाकडे निघाला. रस्त्यावरून जाणाऱ्या एक आजी थांबून आत डोकावल्या आणि कुणाला तरी शोधू लागल्या.

"फीडबॅक," दुकानदार ओरडून म्हणाला.

"उपाय?" मी ओरडून विचारलं.

उपाय तीन. पहिला, अ‍ॅम्पच्या तोंडासमोर बसू नये. तो जरा पुढं आणि बाजूला ठेवावा. हा फुकटचा आहे, म्हणून कुणी आधी सांगत नाही. दुसरा, अ‍ॅम्पवरच नॉच नावाचं बटण असतं, ते फिरवून नेमका तो घुमणारा सूर तेवढा कापायचा. शेजारी आवाजाची लाट उलटी करणारं फेजचंही बटण असतं. ते दाबलं की कधी म्हैस गप्प बसते, कधी दुसरी उठते. तिसरा उपाय म्हणजे गिटारच्या भोकात बसवायचं रबरी झाकण. ते मी घेतलंच. घरी आल्यावर बायकोनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "कुकरची रिंग चुकीच्या मापाची आणलीसा."

बायकोचा मुद्दा वेगळाच होता: तो डबा ठेवायचा कुठं? ती पक्की कोल्हापूरची, म्हणजे 'मी जातो', 'मी सांगतो' असं बोलणारी. तिनं निवाडा दिला की तो बदलायला जागा नसते. "मी सांगून ठेवतो, दिवाणाखाली बसला तरच आणायचा." टेपनं दिवाणाखालची जागा मोजली. त्या मोजमापात मार्शलचा सोळा किलोचा एक अ‍ॅम्प बाद झाला. त्याला आठ इंची दोन स्पीकर, आवाज गोड, पण तो तर उंचीच्या आधी वजनातच गेला असता.

वजन हा विषय कुणी गंभीरपणे घेत नाही. गाणारा एकटा असतो म्हणजे काय, तर हमालही तोच असतो. खांद्यावर गिटार, एका हातात स्टँडची पिशवी, दुसऱ्या हातात अ‍ॅम्प, आणि आमच्याकडचे कॅफे हटकून तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. मी रोलंडचा एक पाहिला, पाच किलोच्या आत, आठ पेन्सिल सेलवर चालणारा. उचलला की वाटायचं डबा रिकामा आहे. पण सेलवर वीसच वॅट, आणि मला मेव्हण्याचा चेहरा दिसायला लागला. एईआर नावाचा एक जर्मन पाहिला. साठ वॅट, साडेसहा किलो, आवाज असा की दुकानात माझंच वाजवणं मला आवडलं. किंमत ऐकली आणि तो उचलला होता त्याहून हळू खाली ठेवला. तेवढ्यात दुभती म्हैस आली असती, आणि ती निदान फीडबॅकचे पैसे लावत नाही.

राहिले ते नऊ-दहा किलोचे. नऊ किलो म्हणजे नेमकं किती, हे कागदावर कळत नाही. म्हणून एका रविवारी मी नऊ किलो गहू मोजून डब्यात भरले, पाठीवर गिटार अडकवली आणि आमच्या इमारतीचा जिना चढलो. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत तीनदा. दुसऱ्या खेपेला दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. "दळण आणताय व्हय? गिटार कशाला मग?" मी म्हटलं, सराव करतोय. त्यांनी दार हळूच लावून घेतलं. तिसऱ्या खेपेनंतर बोटांवर डब्याच्या कडीची खूण उमटली आणि पुढचा अर्धा तास डाव्या हाताला एकही कॉर्ड धरता येईना. जिना चढून लगेच वाजवायचं नाही, हा त्यातला शोध.

बाकीच्या गोष्टी भरभर ठरल्या. दोन चॅनेल हवेत, एक गिटारला, एक माइकला. माझा माइक साधा डायनॅमिक, त्याला फँटम, म्हणजे वायरीतूनच माइकला पोचवायची अठ्ठेचाळीस व्होल्टची वीज, लागत नाही. एक डीआय आउट हवा, म्हणजे कधी मोठ्या हॉलमध्ये बोलावलंच तर साउंडवाल्याच्या हाती वायर देता येईल. (अजून कुणी बोलावलेलं नाही.) आणि आत चार्ज होणारी बॅटरी हवी. लाइट जायला आमच्याकडे वेळकाळ लागत नाही, आणि गच्चीवर प्लग असतो तो पाण्याच्या टाकीमागं, जिथं मोटारीची वायर आधीच बसलेली असते.

शेवटी घेतला. साठ वॅट, बॅटरीवाला, नऊ किलो आणि वर थोडंसं, दिवाणाखाली बसणारा. नाव सांगत नाही, मेव्हणा नेटवर शोधून आणखी काहीतरी दाखवेल.

पहिला कार्यक्रम राजारामपुरीतल्या एका कॅफेत. आदल्या रात्री अ‍ॅम्प पूर्ण चार्ज केला, दिवा हिरवा झाल्याची दोनदा खात्री केली. मग राहवेना म्हणून वायर गिटारला लावून अगदी बारीक आवाजात वाजवत बसलो. आवाज खरंच गिटारसारखा येत होता. तारेवर नख घासलेलं कळत होतं. वाजवता वाजवता कधी झोप लागली ते समजलं नाही.

संध्याकाळी तीन मजले चढून, नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं दम खाऊन, मी वायर जोडली. पहिल्याच कॉर्डला चरचर. फाटका, बारीक आवाज, खोल विहिरीतून कुणी खोकावं तसा. आणखी वाजवलं, आणखी चरचर. मेव्हणा मंडळाची सहा पोरं घेऊन पुढच्या टेबलावर आला होता. "दाजी, आवाज कुठाय?" मी अ‍ॅम्पची सगळी बटणं फिरवली, नॉच, फेज, सगळं. हिरवा दिवा शांतपणे जळत होता. मग खाली मान घातली तेव्हा गिटारच्या कडेला, पट्टीची वीज वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पवर, मुगाच्या डाळीएवढा लाल दिवा दिसला.

अ‍ॅम्पच्या बॅटरीचा चार महिने अभ्यास केला. गिटारच्या पोटात नऊ व्होल्टचा चौकोनी सेल असतो, हे विसरलो. गिटारला वायर जोडलेली असली की तो चालूच राहतो. वायरचं टोक हेच त्याचं बटण. मी रात्रभर ती जोडून झोपलो होतो.

खाली धावलो. किराणावाला म्हणाला, "पेन्सिल सेल हाय, रिमोटचा हाय, घड्याळाचा हाय." मेडिकलवाल्यानं मोठ्या आशेनं थर्मामीटर दाखवला. स्टेशनरीवाला दुकान बंद करत होता. हात हलवत परत जिन्यात आलो, तर पहिल्या मजल्यावर मीटरच्या बोर्डाशी एक वायरमन कामाला लागलेला. हातात पिवळा मल्टिमीटर. मल्टिमीटरमध्ये काय असतं हे मला माहीत होतं. आयुष्यात मी कुणाकडे एवढ्या लाचारीनं पाहिलेलं नाही, मॅनेजरकडेसुद्धा.

"धा मिनटात देताय न्हवं?" असं म्हणत त्यानं मीटर उघडून सेल काढून दिला आणि खात्रीसाठी माझ्यामागोमाग वर आला.

गिटार वाजली. सुरेख वाजली. दुसऱ्या कडव्याला कॅफेचा मालक वाकून कानाशी आला. "सर, जरा बारीक करा की. पोरांना ऑर्डर कळंना झाल्यात." बटण चारावरून तीनावर आणलं, मग दोनावर. पुढच्या टेबलावरून मेव्हणा म्हणाला, "दाजी, गोठ्यातला बल्ब बी घालवला की!"

पण खांबाला टेकून उभा असलेला तो वायरमन हलला नाही. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, पाचवं झालं. बाकीचे खात होते, बोलत होते, फोटो काढत होते. तो एकटा गिटारवरून नजर न हलवता उभा. इतक्या वर्षांत माझं वाजवणं कुणी असं टक लावून ऐकलं नव्हतं. मला भरून आलं. शेवटचं गाणं मी त्याच्याकडे बघतच म्हटलं, एक कडवं वाढवून. संपल्यावर तो गर्दीतून वाट काढत पुढं आला आणि हात पुढं केला. मी तो दोन्ही हातांत धरला.

"साहेब, झालं न्हवं? सेल द्या की," तो म्हणाला. "खाली तीन दुकानांची लाइट बंद ठेवून आलोय."