क्रेडिट नको, लॅब मोजा

मेसेंजरवर अधूनमधून कुणीतरी मैत्रीण विचारतेच: मूल लहान आहे, इथे अमेरिकेत मेडिकलला जायचं मनात आहे, त्यासाठी आधी लागणारे सायन्सचे विषय कॉलेजात करायचेत, तर सेमिस्टरला किती घेऊ? प्रत्येकीला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहिते. मी न्यू जर्सीत दोन पोरं सांभाळत हेच विषय करतेय, त्यामुळे मत एकतर्फी वाटलं तर चालवून घ्या.

पोर पूर्ण दिवस शाळेत जायला लागेपर्यंत सेमिस्टरला लॅबचा एकच विषय. जोडीला फार तर बिनलॅबचा एक, सायकॉलॉजी किंवा स्टॅटिस्टिक्ससारखा.

काउन्सेलर म्हणतात, बारा क्रेडिट (विषयाचं वजन यातच मोजतात) म्हणजे फुल टाइम, मग आठ तर सहज जमतील. कागदावर जमतात. पण केमिस्ट्रीचे चार क्रेडिट म्हणजे तीन तास लेक्चर, वर तीन तासांची लॅब, आदल्या रात्री ओट्यावर वही ठेवून लिहिलेलं प्री-लॅब आणि नंतर रिपोर्ट. लॅबच्या नावावर क्रेडिट मात्र एकच! लेक्चर बुडलं तर कुणाच्या तरी नोट्स मिळतात. लॅब बुडली की बुडली. बऱ्याच कॉलेजांत मेक-अप लॅब, म्हणजे बुडलेली भरून काढायची सोय, नसतेच, आणि दोन-तीन बुडाल्या तर विषयच हातचा जातो. आता यात पोराचा ताप घाला. डेकेअरचा नियम असा की औषध न देता चोवीस तास ताप नसेल तरच आणा. म्हणजे सोमवारी दुपारी फोन आला की मंगळवारही गेला. दोन लॅब घेतल्या तर आठवड्यातल्या दोन ठरलेल्या दिवशी घरात कुणी आजारी पडायचं नाही. कुठल्या घरात पाळतात हो हे?

"पण मग वर्षं जातील ना!" जातील. तशीही जातातच. जनरल केमिस्ट्री एक आणि दोन, ऑर्गेनिक एक आणि दोन, मग बायोकेमिस्ट्री. आधीचा विषय झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही, म्हणजे कितीही घाई केली तरी साधारण पाच सेमिस्टर इथेच. बायोलॉजीचे दोन आणि फिजिक्सचे दोन विषय त्याच्या आजूबाजूला बसवायचे. एका लॅबचा नियम अगदी शेवटपर्यंत पाळला तर दीडेक वर्ष जास्त लागतं. मला हा सौदा मंजूर आहे. तरी अ‍ॅडमिशन कमिट्यांना तुम्ही जड सेमिस्टर पेलता हे दिसायला हवं असतं, म्हणून धाकटं शाळेत रुळलं की एखाद्या सेमिस्टरला दोन लॅब घ्या. फिजिक्स आणि बायोलॉजी एकत्र चालेल. ऑर्गोबरोबर, म्हणजे ऑर्गेनिक केमिस्ट्रीबरोबर, मात्र दुसरी लॅब नको, माझ्या मते कधीच नको.

मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेल्या एका काकूंनी (मुलगा रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टर झाल्यावरचं हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग, करतोय) मला सल्ला दिला होता, "ऑर्गो समरमध्ये उरकून टाक." मुलानं तसं केलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, त्याचे कपडे काकू धूत होत्या. पंधरा आठवड्यांचा विषय समरला पाच-सहा आठवड्यांत कोंबतात, आणि आमच्याकडे जूनच्या उत्तरार्धात शाळा बंद होतात. नेमकी पोरं घरी आणि अभ्यास तिप्पट. समरला करायचंच असेल तर सोशिऑलॉजी ऑनलाइन करा.

नणंद नाशिकहून म्हणते, "अगं, नीटची वयाची अट २०२२ मध्ये गेली, परत ये आणि परीक्षा दे." तिकडे सगळा खेळ एका दिवसाच्या ७२० मार्कांचा. इकडे एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा आहेच, पण प्रत्येक सेमिस्टरची ग्रेडही कायमची चिकटते. एमडीच्या (इथली डॉक्टरकीची पहिलीच डिग्री) सामाईक अर्जात, म्हणजे आमकासमध्ये (AMCAS), विषय पुन्हा केला तरी जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही धरतात. आणि भारतातली आपली डिग्री कितीही छान असली तरी तिचे मार्क त्यांच्या जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, येत नाहीत. म्हणजे इथल्या मोजक्या विषयांवरच सगळा भार. म्हणून तर म्हणते, चार विषयांत बी घेण्यापेक्षा दोनांत ए घ्या. (ग्रीन कार्ड नसेल तर आधी मेडिकल कॉलेजांचे नियम वाचा, बरीच कॉलेजं अर्जच घेत नाहीत.)

आईंना, म्हणजे सासूबाईंना, बोलवायचं असेल तर जड सेमिस्टरला बोलवा. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं, त्यात एक सेमिस्टर आरामात बसतं. आमच्या आईंना ऑर्गो हे कुणा सरांचं नाव वाटायचं. पण त्या नातवंडांना भेटायला येतात, नोकरीवर नाही, हे नवऱ्यालाही सांगून ठेवा. लॅबच्या संध्याकाळी जेवण आणि अंघोळी त्याच्याकडे, आई आलेल्या असल्या तरी.

फॉलचं, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या सेमिस्टरचं, रजिस्ट्रेशन करताना आधी लॅबचं सेक्शन धरा, लेक्चर मागाहून. संध्याकाळच्या लॅब भराभर भरतात. आणि दोन तारखा कॅलेंडरवर टाका: फी परत मिळण्याची शेवटची, आणि डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे ग्रेडऐवजी विषय सोडल्याची नोंद) घेऊन विषय सोडण्याची शेवटची. पहिली फार लवकर येते. दुसरीपर्यंत मिडटर्मचे मार्क हातात आलेले असतात, आणि सी दिसत असेल तर एखादा डब्ल्यू परवडतो.