घरात घुसणाऱ्यांचा सिनेमा कसा बघावा

घरात अनोळखी माणसं घुसून छळ करतात असला सिनेमा एकट्यानं बघू नये. एकट्यानं बघितला की भीती वाटते. जावई, सासू, लेकरं आणि एक म्हातारं माणूस असा भरला हॉल पाहिजे. मग घाबरायला सवडच मिळत नाही.

सिनेमा नावावरून निवडावा. आम्ही तसाच निवडला. दिवाळीला बहीण आणि दाजी नांदेडहून लातूरला आले होते, जेवायला अवकाश होता, आणि यादीत ‘फनी गेम्स’ दिसला. आई म्हणाली, “काय म्हणलास नाव?” मी सांगितलं, मजेचे खेळ. “मग लाव की, लेकरं बी बघतील.” मायकेल हानेके नावाच्या ऑस्ट्रियातल्या दिग्दर्शकानं हा सिनेमा १९९७ मध्ये जर्मन भाषेत काढला आणि दहा वर्षांनी त्यानंच तो इंग्रजीत जवळजवळ शॉटला शॉट लावून पुन्हा काढला, हे मला मागाहून कळलं. आम्ही इंग्रजीवाला बघितला. असला सिनेमा एकदा काढून ज्याचं पोट भरलं नाही, त्याच्या वाटेला सणासुदीला जाऊ नये. लेकरांना आम्ही वेळीच फटाके उडवायला बाहेर पिटाळलं, एवढं एक बरं झालं.

गोष्ट साधी आहे. तळ्याकाठी सुट्टीचं घर, नवरा-बायको, एक मुलगा, एक कुत्रा. पांढरे हातमोजे घातलेलं एक गोरंगोमटं पोरगं दारात येतं. शेजारणीनं पाठवलंय, चार अंडी द्या म्हणतं. बाई अंडी देते. ते फोडतं. परत मागतं. मधल्यामध्ये त्याचा धक्का लागून बाईचा फोन सिंकमध्ये पडतो. तेवढ्यात त्याचा जोडीदार येतो, आणि मग दोघं काही केल्या जात नाहीत.

पहिली प्रतिक्रिया इथं द्यावी. “हिनं आत घेतलंच कशाला?” हे मोठ्यानं म्हणावं आणि म्हणताना स्वतःच्या दाराकडं बघू नये. आमचं दार त्या वेळी सताड उघडं होतं. दिवाळी होती, लक्ष्मी यायची होती. सकाळपासून त्या दारातून गॅसवाला, पोस्त मागणारे चौघं आणि पत्रिका घेऊन आलेले दोघं आत येऊन गेले होते. पत्रिकावाल्यांनी चहा घेतला, फराळ केला, आबांच्या पाया पडले. लग्न कुणाचं आहे ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

आईनं मात्र तोडगा काढला. ती माळकरी. “आमच्यात अंडी चालत न्हाईत म्हणायचं, फुडं जा म्हणायचं. इषय मिटला.” तिच्यापुरता सिनेमा तिथंच संपला होता. पण दोन मिनिटांनी तीच म्हणाली, “पोरगं चांगल्या घरचं दिसतंय पण. च्या तरी इचारायचा.”

तुमच्या हॉलमध्ये एक ‘मी असतो तर’ असलाच पाहिजे. तो जावई असला तर फारच उत्तम, कारण जावयाला कुणी उलट बोलत नाही. आमच्या दाजींनी सोफ्यावर मांडी घालून, चुरमुऱ्यांच्या सुशीलाची ताटली मांडीवर घेऊन, त्या नवऱ्याला ओळीनं सूचना दिल्या. आधी खुर्ची उचल. मग दिवा फोड. मग त्याच्या नडगीवर मार. दाजींना अनुभव आहे. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन दिसताहेत म्हणून आपल्याकडं गावोगाव लोक काठ्या घेऊन जागत होते, तेव्हा दाजीही त्यांच्या गावी जागले होते. ड्रोन खाली आला नाही, हे त्याचं नशीब.

सुरुवातीलाच एकदा बोटीत एक चाकू पडलेला दिसतो. “हा चाकू ध्यानात ठेवा,” दाजी म्हणाले, “शेवटाला कामी येणार.” चाकू दिसला की हे वाक्य म्हणायचंच. म्हणजे तुम्ही सिनेमे पुष्कळ बघितलेत हे सगळ्यांना कळतं. तो चाकू शेवटी बाईच्या हाताला लागतोही. ते दोघं सहज काढून घेतात आणि पाण्यात फेकतात. दाजींना त्या माणसांच्या जाण्यापेक्षा चाकू वाया गेल्याचं जास्त लागलं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. त्यातलं एक पोरगं मध्येच मान वळवून थेट आपल्याकडं बघतं आणि डोळा मारतं. पुढं तर विचारतं, की तुम्ही यांच्याच बाजूचे ना? अशा वेळी काय करावं हे मला ठरवता आलेलं नाही. आईनं डोक्यावर पदर घेतला. “ते माझ्याकडंच बघूलालंय,” ती म्हणाली. बहिणीनं टीव्हीचा आवाज कमी केला, जणू तेवढ्यानं त्याला आपण दिसणार नव्हतो. दाजींनी “हो” म्हणून उत्तर दिलं. हळूच.

पुढं बाईच्या हाती बंदूक लागते आणि ती दोघांतल्या एकाला उडवते. इथं टाळ्या वाजवाव्यात. आम्ही वाजवल्या, दाजी उभे राहिले, आई “विठ्ठला” म्हणाली. लगेच उरलेला पोरगा इकडंतिकडं रिमोट शोधतो, बटण दाबतो, आणि सिनेमा सर्रकन मागं जातो. मेलेला उठून बसतो.

“रिमोट कोण दाबला रे?”

पुतण्या लातुरातच वाढलाय, म्हणजे अर्थातच डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करतोय. रिमोट त्याच्या मांडीखाली होता. त्याला एक चापट बसली. तो सांगत होता की अहो, सिनेमातच तसं आहे, दिग्दर्शकानं मुद्दाम केलंय. दाजींनी रिमोट ताब्यात घेतला, तेवढा भाग पुन्हा लावला, टाळ्या राखून ठेवल्या. पुन्हा मागं गेला. तिसऱ्यांदा लावायचं म्हटल्यावर बहीण म्हणाली, “अहो, राहू द्या ना, तो ऐकणार नाही.” आता निकाल त्या पोराच्या रिमोटवर लागणार, दाजींच्या नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. दाजींनी मात्र शेवटपर्यंत टीव्हीचाच दोष धरला.

मुलाला गोळी लागते तेव्हा कॅमेरा स्वयंपाकघरात असतो. दोघांतला एक शांतपणे सँडविच करत असतो आणि आपल्याला नुसता आवाज येतो. बाकीची मारझोडही बहुतेक पडद्याबाहेरच होते. त्याची फिकीर करू नये. दुसऱ्या दिवशी गंजगोलाईच्या बाजारात चहा पिताना “रक्ताचा नुसता पाट हो” असं बिनधास्त सांगावं. मी सांगितलं. ऐकणाऱ्यानं घरी जाऊन आधी तोच सिनेमा लावला.

गोळीनंतर कॅमेरा एका जागी जवळपास दहा मिनिटं खिळून राहतो. बाई बांधलेली, नवरा पाय मोडून पडलेला, बराच वेळ कुणी काही बोलत नाही. हा वेळ सत्कारणी लावावा. पुतण्यानं राउटर बंद करून चालू केला. दाजींनी “अडकला वाटतं” म्हणून टीव्हीच्या मागची वायर हलवली. बहीण चहा टाकायला उठली. आईनं जाऊन दाराला कडी घातली आणि लेकरांना हाका मारून आत घेतलं. पडद्याकडं फक्त आबा बघत होते.

घरातल्या म्हाताऱ्याला मत विचारू नये, हे इथंच सांगतो. आबा पंच्याऐंशीच्या पुढं आहेत. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. त्याआधीच्या रझाकारांच्या दिवसांत गावातल्या वाड्याला अंधार पडायच्या आत अडसर घालायचे, एवढंच त्यांनी आम्हाला कधीतरी सांगितलेलं. दाजींनी विचारलं, “आबा, तुम्ही काय केलं असतं?”

“काय करायचं? दार उघडायचं.”

“अन् का म्हणून?”

“वळखीचं नाव घेऊन हाक मारली की उघडावंच लागतंय.” मग त्यांनी अडकित्ता मागितला.

“तुमचा काळ येगळा होता,” दाजी म्हणाले.

जो मध्येच उठून जातो त्याला या सिनेमाची गरज नाही, जो शेवटपर्यंत बसतो त्याला आहे, अशा अर्थाचं हानेके बोललाय म्हणे. आमच्यात कुणीच उठलं नाही. जावई उठल्याशिवाय पानं घेता येत नव्हती.

सिनेमा संपायला आणि कडी वाजायला एक गाठ पडली.

कुणी हललं नाही. दाजींनी तोंडावर बोट ठेवलं आणि कपडे वाळत घालायची काठी घेतली. पुतण्यानं भिंगातून बघितलं. शेजारच्या काकू होत्या, वीस वर्षांच्या शेजारीण. “विरजण द्या की थोडं,” त्या बाहेरून म्हणाल्या, “आमचं नासलं.” बहिणीनं जाळीच्या दाराच्या फटीतून हात घालून वाटी आत घेतली आणि दार लावून टाकलं. विरजण घालून झालं. मग वाटी द्यायला दार परत कुणी उघडायचं यावर आत बोलणं सुरू झालं. दाजी म्हणाले, आवाज त्यांचाच होता कशावरून. ते मिटेपर्यंत काकू निघून गेल्या होत्या.

वाटी अजून आमच्याकडंच आहे. ती रिकामी द्यायची नसते म्हणून आईनं चिवडा भरून ओट्यावर ठेवलीय. दाजी परवा नांदेडला गेले. गाडीत बसताना मला बाजूला घेऊन म्हणाले, वाटी दिवसाउजेडी नेऊन द्या, आणि जायच्या आधी त्यांना फोन करा.