सगळ्याच प्राथमिक शाळा आयरिश माध्यमाच्या कराव्यात का?

२०२५च्या जूनअखेर महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी शिकवण्यासंबंधीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले, त्या सुमारास डब्लिनमधल्या आम्हा मराठी मंडळींच्या गप्पांतही दुसरा विषय नव्हता. त्या चर्चेत आयर्लंडचे नाव हमखास निघे, आणि तेही दोन परस्परविरोधी कारणांसाठी. स्वतंत्र होऊनही या लोकांना स्वतःची भाषा राखता आली नाही, तेव्हा आपण वेळीच जागे व्हावे, असे काहींचे म्हणणे असे. तर शंभर वर्षे शाळेत सक्ती करूनही इथे भाषा परतली नाही, तेव्हा सक्तीच्या वाटेला जाऊच नये, असे इतरांचे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य असले, तरी ज्या देशाचा दाखला दिला जातो तिथे खुद्द कोणता वाद चालला आहे, याची दोन्ही बाजूंना फारशी चौकशी नसते.

तो वाद असा, की देशातल्या सर्व प्राथमिक शाळा आयरिश माध्यमाच्या कराव्यात का. हा प्रस्ताव इथे अधूनमधून वर येतो आणि तो अगदीच हवेतला नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतले मूल चार-पाच वर्षांचे असल्यापासून आयरिश शिकते. प्राथमिकची आठ आणि माध्यमिकची पाच-सहा मिळून तेरा-चौदा वर्षे हा विषय त्याच्या वेळापत्रकात असतो. तरीही शाळा सुटल्यावर बहुतेकांच्या जिभेवर उरते ते स्वच्छतागृहात जाण्याची परवानगी मागणारे एक वाक्य, आणि त्यावर आयरिश माणूस स्वतःच हसतो. २०२२च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी, म्हणजे चाळीस टक्क्यांनी, आपल्याला आयरिश येते असे नोंदवले. पण शाळेबाहेर रोज ती बोलणारे जेमतेम ७२ हजार निघाले. राज्यघटनेने १९३७ साली जिला पहिली अधिकृत भाषा म्हटले, तिची ही स्थिती आहे.

याउलट गेलस्कल, म्हणजे आयरिश माध्यमाच्या शाळा. १९७०च्या दशकाच्या आरंभी गेलटाख्टच्या, अर्थात पारंपरिक आयरिशभाषक पट्ट्याच्या, बाहेर अशा प्राथमिक शाळा अकराच उरल्या होत्या. आज त्या दीडशेच्या घरात आहेत, आणि गेलटाख्टमधल्या शाळा धरल्या तर प्राथमिकची सुमारे आठ टक्के मुले आयरिशमधून शिकतात. तिथे पहिल्या टप्प्यात सगळे आयरिशमधूनच चालते आणि इंग्रजी वाचन-लेखन नंतर सुरू होते. सहावी संपेपर्यंत मूल आयरिशमध्ये भांडूही शकते, आणि इंग्रजी वाचनात ते इतरांच्या मागे राहत नाही, असे राष्ट्रीय चाचण्यांतून दिसले आहे. मग आठ टक्क्यांना जे साधते ते सगळ्यांना का देऊ नये, असे विचारले की उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते.

उत्तर इतिहासात आहे, कारण हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. १९२२ साली नव्या राज्याने ठरवले, की बालवर्गांचे संपूर्ण शिक्षण आयरिशमधून व्हावे. त्या धोरणामागचे प्रमुख विचारवंत होते डब्लिनच्या विद्यापीठातले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक टिमथी कॉर्कोरन. एकट्या शाळेच्या बळावर भाषा परत आणता येते, हा त्यांचा सिद्धांत होता. (स्वतः त्यांना आयरिश येत नव्हती, हे त्यांच्या चरित्रातले एक चमत्कारिक कलम.) बहुतेक शिक्षकांचीही भाषेची तयारी नव्हती, म्हणून त्यांना उन्हाळी वर्गांना पाठवण्यात आले. १९३४च्या अभ्यासक्रमात बालवर्गांतून इंग्रजी काढली गेली आणि आयरिशला वेळ मिळावा म्हणून इतर विषयांच्या अपेक्षा खाली आणल्या गेल्या. प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने, जी भाषेची शत्रू मुळीच नव्हती, १९४१ साली अहवाल काढून सांगितले, की घरी इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना या पद्धतीने फायद्यापेक्षा अपायच होतो आहे. १९६६ साली मानसशास्त्रज्ञ जॉन मॅकनमारा यांनी दाखवले, की दुबळ्या भाषेतून गणित शिकलेली मुले नुसत्या आकडेमोडीत बरोबरीने चालतात, पण शाब्दिक उदाहरणांत मागे पडतात. त्यांच्या पद्धतीवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले; पण तोवर सरकारने पाऊल मागे घेतले होते आणि पालकांच्या मनात ‘आयरिशची सक्ती’ हा शब्दप्रयोगच कडवट झाला होता. १९७३मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने शालान्त परीक्षेतली आयरिशमध्ये उत्तीर्ण होण्याची अट आणि पाठोपाठ सरकारी नोकरीसाठीची अटही काढून टाकली.

गेलस्कलची खरी वाढ नेमकी याच्यानंतरची आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सक्ती गेली आणि शाळा वाढल्या. कारण आता त्या पालक काढत होते. बेलफास्टच्या शॉज रोडवर काही तरुण कुटुंबांनी स्वतः घरे बांधून आयरिशभाषक वस्ती उभी केली आणि १९७१ साली तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलांची शाळा सुरू केली. तो भाग ब्रिटिश अंमलाखालचा, त्यामुळे शासकीय मान्यता मिळायला १९८४ उजाडले. तोपर्यंत त्यांनी पदरमोड आणि वर्गणी यांवर शाळा चालवली. अशा शाळेतले मूल वर्गात आयरिश ऐकते, शनिवारी खेळायला जाते तेव्हा ऐकते, आणि आईबापांची भाषा तोडकीमोडकी असली तरी त्यांचा ओढा त्याला दिसतो. चाचण्यांतल्या चांगल्या निकालामागे हा ओढाही आहे. ही शाळा स्वतःहून निवडणाऱ्या आठ टक्के पालकांचा निकाल ती न निवडलेल्या ब्याण्णव टक्क्यांवर लावता येत नाही, आणि हुकूम काढून ओढा निर्माण करता येत नाही.

आता आपल्याकडच्या वादाकडे येतो. मराठी शाळांची बाजू मांडताना आपण दोन युक्तिवाद एका दमात करतो. मुलाला घरच्या भाषेतून उत्तम समजते, हा पहिला. शाळेतून गेली तर भाषाच जाईल, हा दुसरा. महाराष्ट्रात दोन्हींचे उत्तर एकच येते, म्हणून त्यांतला भेद आपल्याला जाणवत नाही. आयर्लंडमध्ये मात्र ते एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात. इथल्या बहुसंख्य मुलांची घरची भाषा इंग्रजी आहे. तेव्हा पहिला युक्तिवाद प्रामाणिकपणे लावला, तर शाळा इंग्रजीच राहायला हवी. सर्व शाळा आयरिश कराव्यात म्हणणारा माणूस मुलाला घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेत बसवायला निघालेला असतो, आणि शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने तो नाशिकच्या किंवा सांगलीच्या इंग्रजी शाळेत मूल घालणाऱ्या बापाच्या जवळ जातो. हेतू उलटे आहेत, वर्गातली अडचण तीच आहे. महाराष्ट्रातल्या माझ्या मित्रांना ही तुलना आवडत नाही, पण आयर्लंडचा दाखला द्यायचा तर त्याच्यासकट द्यावा लागेल.

न्यायालयांनीही दोन्ही देशांत जवळजवळ सारखीच रेघ ओढली आहे. शाळेतील उपस्थितीसंबंधीच्या एका विधेयकावर १९४३ साली आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुलाला किमान शिक्षण मिळावे असा आग्रह राज्याला धरता येईल, पण ते कोणत्या रीतीने द्यावे हे पालकांवर लादता येणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकच्या खटल्यात म्हटले, की प्राथमिक शाळांवर मातृभाषेचे माध्यम लादण्याचा अधिकार राज्याला नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील. मराठीच्या अभिमान्यांना हा निकाल अडथळा वाटतो. पण ज्या राज्याला माध्यम ठरवण्याचा अनिर्बंध अधिकार मिळेल, ते उद्या बेळगावातल्या मराठी मुलाचे माध्यमही ठरवू शकेल, हा विचार त्यांनी करायला हवा. गोव्याने निराळी वाट धरली होती: १९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक अनुदान भारतीय भाषांच्या शाळांपुरते ठेवले गेले. बंदी कशावरच नव्हती, पैसा कुठे जाईल एवढे सरकारने ठरवले. ते धोरण २०११पासून डळमळले तरी, माझ्या मते, सक्तीपेक्षा ते अधिक शहाणपणाचे होते.

माझ्यासारख्या स्थलांतरितांचे काय, हा प्रश्न इथे हल्ली सक्तीविरुद्ध पुढे केला जातो. आज आयर्लंडमधल्या पाचांतील एक माणूस देशाबाहेर जन्मलेला आहे. पण हे कारण मला तितकेसे पटत नाही. आयरिश वर्गात पहिल्या दिवशी डब्लिनचे मूल आणि मराठी घरातले मूल दोघेही सारखेच कोरे असतात; इंग्रजी वर्गात ही बरोबरी नसते. बारा वर्षांचे झाल्यावर परदेशातून आलेल्या मुलाला आयरिशमधून सूट मिळू शकते, आणि आपल्या काही पालकांना ती सवलत वाटते. मला तर ती त्या मुलाला अर्ध्या वर्गाबाहेर बसवल्यासारखी दिसते. खरी अडचण शिक्षकांच्या बाजूने आहे. परदेशात प्रशिक्षण घेतलेल्या प्राथमिक शिक्षकाला इथे आयरिशची पात्रता परीक्षा ठरावीक मुदतीत द्यावी लागते, आणि ती देणाऱ्यांची होणारी दमछाक पाहिली की देशातल्या तीन हजारांहून अधिक शाळांना गणित, विज्ञान आणि इतिहास सहजपणे आयरिशमधून शिकवणारी माणसे कुठून आणणार, हे कोडे उलगडत नाही. १९२२चे उन्हाळी वर्ग पुन्हा भरवून ते सुटणार नाही.

मधला मार्ग इथे नवा असला तरी आपल्याला परिचित आहे. इंग्रजी शाळांत एखादा विषय, चित्रकला किंवा शारीरिक शिक्षण, आयरिशमधून शिकवण्यास आता उत्तेजन दिले जाते. आपल्या सेमी इंग्रजीची ही उलटी बाजू म्हणता येईल. फरक इतकाच, की आपण सेमी इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीच्या हवाली करून मराठीला हलके विषय ठेवले, आणि त्यातून मुलाला कोणती भाषा कशासाठी असते याचा धडा फार लवकर मिळाला. मुंबईतल्या महापालिकेच्या मराठी शाळांचा पट घटत गेला तो कायद्याअभावी नव्हे. २०२०च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाल्यावरही तो सावरला नाही. गेलस्कलमध्ये जागा मिळवण्यासाठी आज पालक धडपडतात, कारण ती चांगली शाळा समजली जाते आणि भाषा तिच्यासोबत येते. आपल्याकडे मराठी शाळेविषयी असे बोलणारे पालक मोजकेच भेटतात, आणि जिथे भेटतात तिथे ती शाळा कोणीतरी जिवापाड चालवलेली असते.

घरच्या भाषेतून शिक्षणाचा युक्तिवाद आयरिशला जिथे खरोखर लागू पडतो ती जागा गेलटाख्ट, आणि नेमके तिथेच दुर्लक्ष सर्वांत जास्त झाले. तिथे शिक्षणाबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे वीस हजार उरले आहेत. घरी आयरिश बोलणारे मूल वर्गात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या गराड्यात बसते आणि वर्ष सरता सरता मैदानावर सगळेच इंग्रजीत बोलू लागतात. गेलटाख्टच्या शाळांसाठीचे स्वतंत्र धोरण २०१६ साली आले. त्यात आयरिशमधून शिकवण्याचे बंधन स्वीकारणाऱ्या शाळांना जादा शिक्षणतास आणि साहाय्य मिळते, आणि बहुसंख्य शाळांनी ते स्वखुशीने स्वीकारले. चांगले आयरिश बोलणारे शिक्षक मोजके असताना त्यांना डब्लिनच्या शेकडो शाळांत विखरून टाकण्यापेक्षा कोनेमारा आणि डोनेगल इथल्या गेलटाख्टच्या वर्गांत आधी पुरेसे द्यावे, त्यानंतर जिथे पालक मागतील तिथे गेलस्कल उघडावी, आणि उरलेल्या शाळांत निदान एक विषय आयरिशमधून नीट शिकवावा, असा माझा क्रम आहे.