नस चढत नाही, दबते

आधी गल्लीच्या ग्रुपवर, मग माहेरच्या, मग दूध संस्थेच्या. एकच मेसेज महिन्याभरात मला तीनदा आला. थोडक्यात असा: "हाताला मुंग्या, मनगटात कळ म्हणजे नस चढली. गरम तेलानं मनगट जोरात चोळा, घट्ट पट्टा बांधा, एकवीस दिवस हात हलवू नका. फोटोत हाड मोडलेलं नसेल तर काळजी नाही. ऑपरेशन केलं तर हात कायमचा जातो." मी कोल्हापुरात हातांच्या फिजिओथेरपीचं काम करते. यातल्या एकेका वाक्यापायी उशीर झालेले हात माझ्यासमोर येतात, म्हणून हे लिहिते आहे.

नस कुठं चढत नाही. मनगटात तळव्याच्या बाजूला हाडांची खोबण असते आणि तिच्यावर जाड पट्ट्याचं झाकण. त्या अरुंद वाटेनं बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे, आणि एक नस जाते. दोऱ्यांचं आवरण सुजलं की जागा अपुरी पडते आणि नस दबते. यालाच कार्पल टनेल म्हणतात. मधुमेह, थायरॉईड आणि गरोदरपणात हे जास्त दिसतं. ओळखायची खूण सोपी आहे: अंगठा, त्याशेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी मात्र शाबूत राहते, कारण तिची नस वेगळ्या वाटेनं जाते. माणूस रात्री झोपेतून उठून हात झटकत बसतो. आता दबलेल्या नसेवर अंगठा रोवून चोळलं आणि वर घट्ट पट्टा आवळला, तर दाब वाढेल की कमी होईल? सुरुवातीच्या दुखण्यात रात्री मनगट सरळ ठेवणारी स्प्लिंट (कडक आधारपट्टी) बऱ्याच जणांना आराम देते. ती सैलसर, पण मनगट वाकू न देणारी हवी.

आणि मनगटाची प्रत्येक कळ नसेची नसतेच. आपल्याकडे घरोघरी म्हशी. अंगठा मुठीत दुमडून धार काढायची सवय असलेल्या बाईचं दुखणं बहुधा अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला असतं. तान्ह्या बाळाला सारखं काखेत हात घालून उचलणाऱ्या आईचंही तिथंच. तिथं अंगठ्याच्या दोन दोऱ्या आवळल्या जातात. फ्रिट्झ द कर्व्हें या स्विस सर्जननं १८९५ मध्ये याचं वर्णन केलं. इथं उपाय वेगळा: अंगठ्यालाही आधार देणारी स्प्लिंट, आणि धार काढायची ती अंगठा न दुमडता, पूर्ण मुठीनं. सवय बदलली नाही तर दुखणं परत येतं, हे मी त्या बायकांना पहिल्याच दिवशी सांगते.

"हात हलवू नका" हे मला सगळ्यात जास्त खुपतं. म्हातारी माणसं मोरीत घसरून हातावर पडतात, मनगटाजवळ हाड मोडतं, साधारण सहा आठवडे प्लॅस्टर राहतं. हलवायचं नाही ते मनगट. बोटं, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवायचे, हात छातीच्या वर ठेवायचा. घरची मंडळी मायेनं म्हणतात, "आज्जी, हात हलवू नका." आज्जी ऐकतात. प्लॅस्टर निघतं तेव्हा हाड जुळलेलं असतं, पण मूठ वळत नाही, भाकरी थापायला हात उघडत नाही. मग तीच बोटं सोडवायला महिने जातात आणि त्या वेदना मोडलेल्या हाडापेक्षा जास्त असतात, असं आज्जीच सांगतात.

फोटोचं म्हणाल तर तालमीतल्या पोरांनी हे नीट वाचावं. पसरलेल्या तळव्यावर पडल्यावर स्कॅफॉइड नावाचं, काजूसारखं दिसणारं हाड तडकू शकतं, आणि पहिल्या एक्स-रेत तो तडा दिसेलच असं नाही. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तिथं दाबून दुखत असेल तर मनगट आधारात ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून मागं येतं, म्हणून तुटलेला मागचा तुकडा उपाशी राहू शकतो. अशा मनगटाला "लचक भरली" म्हणून ओढून घेऊ नका. थकलेल्या दंडा-पोटऱ्यांना वस्तादांच्या हातची मालीश बरी वाटते, ते मला मान्य आहे. ही जागा वेगळी.

राहिलं ऑपरेशन. कोयत्यानं बोटाची दोरी तुटली असेल तर हळद भरून ती जुळत नाही. काही दिवसांतच शिवावी लागते आणि पुढं सुमारे तीन महिने ठरवून व्यायाम. कार्पल टनेलमध्ये ते झाकण कापून नसेला जागा करून देतात. हात जातो तो वाट पाहण्यानं. करवीर तालुक्यातल्या एक काकू दोन वर्षं तेल चोळून माझ्याकडे आल्या, तेव्हा ब्लाऊजचं हूक त्यांना लावता येत नव्हतं आणि अंगठ्याखालची गादी बसली होती. मी त्यांना सर्जनकडे पाठवलं. ऑपरेशननंतर काही दिवसांत रात्रीच्या मुंग्या गेल्या, काकू शांत झोपू लागल्या. अंगठ्याखालचं मांस मात्र अजून भरलेलं नाही, आणि हूक आजही सूनच लावून देते.