जॉनी कॅशने रेनोमध्ये कोणाचाही खून केला नव्हता

अमेरिकी कंट्री गायक जॉनी कॅश याने रेनो शहरात एका माणसाला केवळ मरताना पाहण्यासाठी गोळी घातली, त्याबद्दल फॉल्सम तुरुंगात अनेक वर्षे काढली, तिथल्या कोठडीत ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ लिहिले आणि त्या मृताचे सुतक म्हणून आयुष्यभर काळे कपडे घातले, असा मजकूर सध्या फिरतो आहे. गिटार शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला आणि महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात हे गाणे म्हणण्यापूर्वी हीच कथा सांगणार असल्याचेही कळवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

खुनाचा मुद्दा सर्वांत हास्यास्पद आहे आणि सर्वांत घातकही. कॅशने खून केला नाही. त्याला तुरुंगवास कधी भोगावा लागला नाही. मजकूर रचणाऱ्याने नकाशा उघडण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत. रेनो नेवाडा राज्यात आहे आणि फॉल्सम हा कॅलिफोर्निया राज्याचा तुरुंग आहे, तेव्हा तिथला खुनी इथे कसा पोहोचला? ही विसंगती गाण्यातच आहे आणि गाण्यात ती खपून जाते. चरित्रात खपत नाही. रेनोत एका माणसाला केवळ मरताना पाहण्यासाठी गोळी घातल्याची ओळ त्या गाण्यात आहे आणि तिच्याबद्दल कॅशनेच सांगून ठेवले आहे की, माणसाने माणसाला मारण्याचे सर्वांत वाईट कारण कोणते असू शकेल, याचा विचार करत लेखणी घेऊन बसला असताना ती सुचली. एकनाथांनी सासुरवाशिणीच्या तोंडून सासू-सासऱ्यांचा निकाल लावण्याचे साकडे भवानीआईला घातले, म्हणून नाथांना सासुरवास झाला होता असे आपण म्हणत नाही. घातक अशासाठी की, या कथेने कॅशचे कैद्यांसाठीचे सारे काम एका खुन्याचे प्रायश्चित्त ठरते. प्रत्यक्षात १३ जानेवारी १९६८ रोजी फॉल्सममध्ये गाताना त्याने तिथलाच कैदी ग्लेन शर्ली याने रचलेले गाणे म्हटले आणि १९७२ मध्ये तुरुंग सुधारणेविषयी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. यांतील कशासाठीही त्याला स्वतः खून करण्याची गरज पडली नाही.

अर्धसत्य म्हणायचे तर एवढेच की, नशेपायी त्याला काही रात्री पोलीस कोठडीत काढाव्या लागल्या. १९६५ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरील एल पासो येथे त्याच्या गिटारच्या पेटीत शेकडो गोळ्या सापडल्या होत्या. पण या गोळ्या औषधांच्या होत्या, पिस्तुलाच्या नव्हेत.

कोठडीत गाणे लिहिल्याची गोष्टही तितकीच पोकळ आहे. कॅश तेव्हा हवाई दलातर्फे पश्चिम जर्मनीतील लँड्सबर्ग येथे होता आणि फॉल्सम तुरुंगावरील १९५१ चा एक चित्रपट पाहून त्याला ते सुचले. शिवाय चाल आणि बऱ्याच ओळी गॉर्डन जेंकिन्स यांच्या १९५३ च्या एका गाण्यातून उचललेल्या होत्या, ज्याबद्दल पुढे सुमारे ७५ हजार डॉलर मोजावे लागले. ‘कोठडीतील अस्सल वेदना’ ती हीच!

‘ती ओळ ऐकताच कैद्यांनी जल्लोष केला, कारण त्यांनी आपला माणूस ओळखला’ हे वाक्यही मजकुरात आहे. मायकेल स्ट्राइसगुथ यांनी फॉल्सममधील १९६८ च्या त्या कार्यक्रमावर २००४ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले असून, ध्वनिमुद्रिकेतील तो जल्लोष नंतर स्टुडिओत जोडल्याचे त्यांनी दाखवून दिले आहे. काळ्या कपड्यांची कारणे कॅशने १९७१ च्या एका गाण्यात स्वतःच मोजून दाखवली: गरीब, भुकेले, शिक्षा केव्हाच भोगून झालेले कैदी. सुतकाचा उल्लेख त्यात आहे, पण ते दर आठवड्याला प्राण गमावणाऱ्या तरुणांचे; रेनोतल्या कोणा मृताचे नव्हे.

भाच्याला खरोखर तुरुंगात गेलेला कंट्री गायकच हवा असेल, तर त्याने मर्ल हॅगार्ड निवडावा. चोरीच्या प्रयत्नाबद्दल तो सॅन क्वेंटिन तुरुंगात होता, तिथे कैदी म्हणून त्याने कॅशचे गाणे ऐकले आणि १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाचे तत्कालीन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याला माफी दिली. मात्र त्याच्या प्रसिद्ध गाण्यातला ‘मी’ एकविसाव्या वर्षी जन्मठेप भोगत असतो, आणि हॅगार्ड स्वतः तीन वर्षांच्या आत, १९६० मध्ये, सुटून घरी आला होता.