बेकरीतला खून आणि पोळी-भाजी केंद्र

परवा पुण्याहून भावाचा फोन आला. त्यांच्या वाचक गटात वाद रंगला होता: रहस्यकथेला साहित्य म्हणायचं का? बहुतेकांनी 'नाही' म्हटलं. "तू अजून त्या बेकरीतल्या खुनांच्या गोष्टी वाचतेस का गं?" त्याने विचारलं. वाचते, आणि मनापासून वाचते.

मी राहते त्या अमेरिकेतल्या मिनेसोटात डिसेंबरमध्ये साडेचारलाच काळोख होतो. नवीन होते तेव्हा तो अंगावर यायचा. लायब्ररीतल्या बाईंनी जोआन फ्लूक यांची हॅना स्वेनसन ही रहस्यकथांची मालिका हातात ठेवली. लेक ईडन हे मिनेसोटातलंच, पण काल्पनिक गाव. हॅनाची तिथे 'द कुकी जार' नावाची बेकरी आहे. पहिल्याच पुस्तकात बेकरीच्या मागे दूध पोचवणाऱ्याचा खून होतो. गोष्टीच्या अधूनमधून कुकीजच्या पाककृती येतात, आणि खुनी शेवटी सापडतोच.

बेकरीच का, हे मला इथे राहून कळलं. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत पहाटे चारला दिवा लागतो. गाव झोपलेलं असताना जागी असते ती बेकरीवालीच. कोण रोज येतं, कोण अचानक येईनासं झालं, वाढदिवसाच्या केकवर कुणाचं नाव घालायचं राहिलं, सगळं तिला ठाऊक. पोलीस विचारायला येतील तेव्हा लोक गप्प बसतील. पावाची वाट बघताना मात्र बोलून जातात. माणसं अशी वाचायची असतात, हे मी या पुस्तकांतून शिकले. परक्या गावात मला त्याचा फार आधार झाला.

भावाचं एक म्हणणं मला पटतं. खुनाची करमणूक झाली की मेलेला माणूस मागे पडतो. पण चांगल्या लेखिकेच्या हाती तो कुणाचं तरी रोजचं गिऱ्हाईक असतो, आणि त्याची रिकामी जागा गावाला टोचत राहते. मग ते हलकं लेखन कसं? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्यांच्यावर पिढ्या वाचायला शिकल्या, तरी आपण त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवलं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मराठीत बेकरी आणायची गरजच नाही. आपलं पोळी-भाजी केंद्र आहे ना! सदाशिव पेठेत आईबरोबर जायचे तिथल्या काकू डोळ्यांसमोर येतात. रोज चार पोळ्या नेणारे एक आजोबा एका गुरुवारी दोनच मागतात. काकू काही विचारत नाहीत. पदराला हात पुसतात, वहीतला चारचा आकडा खोडून दोन लिहितात, आणि आजोबा जिना उतरेपर्यंत बघत राहतात.

भावाला म्हटलं, तुमच्या गटात कुणी लिहिणारं असेल तर त्याला हे सांग.